पाकीट नको, मजुरी द्या

जयंतीच्या हिशेबाचा कागद एकदा नीट वाचून पाहा, मित्रांनो. कुठल्याही शहरातल्या, कुठल्याही वस्तीतल्या मंडळाचा घ्या. डीजे, लायटिंग, मंडप, रथ, बॅनर, प्रमुख पाहुण्यांची गाडी, शाली, भोजनदान. या सगळ्यांचे आकडे महिनाभर आधी ठरलेले असतात, अ‍ॅडव्हान्स गेलेला असतो. आणि सगळ्यात खाली, कागद संपता संपता, एक ओळ असते: ‘गायन पार्टी – मानधन’. तिच्यापुढे आकडा नसतो. तो कार्यक्रम संपल्यावर, वर्गणीत काय उरलं ते बघून ठरतो आणि पाकिटात घातला जातो. पाकीट देताना खांद्यावर हात ठेवून सांगतात, ‘दादा, मिशनचं काम आहे, समजून घ्या.’

हे समजून घेणं आता थांबवलं पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. डीजेवाल्याबद्दल आमची तक्रार नाही. तोही बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला पोरगा असतो, कर्ज काढून बेस आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतलेला. पण त्याला कुणी म्हणत नाही की जनरेटरचं डिझेल मिशनसाठी जाळ. हे वाक्य फक्त गाणाऱ्यासाठी, लिहिणाऱ्यासाठी आणि चित्र काढणाऱ्यासाठी राखून ठेवलेलं आहे.

आमच्या कामाच्या भागात अशी बरीच मंडळी आहेत. कुठल्या पक्षाच्या सांस्कृतिक आघाडीत नाहीत, कंपनीशी करार नाही, सरकारी कमिटीवर नाहीत. आजच्या भाषेत ‘स्वतंत्र कलावंत’. त्यातल्या एका शाहिराचा दिवस सांगतो. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, कारण गोदामावर कंत्राटी काम आहे आणि मुकादम आठनंतर हजेरी लावत नाही. ओळ सुचते ती बसमध्ये उभ्या उभ्या. ती मोबाईलमध्ये गुणगुणून ठेवायची, शेजारचा बघतो तर बघू दे. संध्याकाळी सात वाजता विहारात तालीम. तीही नऊपर्यंतच, कारण नंतर तिथे मुलं अभ्यासाला बसतात आणि तो त्यांचा हक्क आहे. ढोलकीची पुडी फाटली की ती त्यानेच बसवून आणायची. झील धरणारे दोघे रंगकामाला जातात. कार्यक्रमासाठी लवकर निघावं लागलं तर त्यांचा खाडा पडतो. तो खाडा, टेम्पोचं भाडं आणि रात्रीचं जेवण जाऊन पाकिटात काय उरतं याचा हिशेब ज्याने त्याने करावा. अनेकदा आकडा उणे येतो.

हा माणूस वर्षभर गात नाही. त्याचा हंगाम असतो. 11 एप्रिलपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत फोन थांबत नाही, 14 एप्रिलला तर एका दिवसात तीन ठिकाणी बोलावणं. मग 14 ऑक्टोबर, 6 डिसेंबर, 1 जानेवारी, 14 जानेवारीचा नामविस्तार दिन, 7 फेब्रुवारीची रमाई जयंती. मधल्या पावसाळ्यात कुणी विचारत नाही की शाहीर जिवंत आहे का.

आणि या माणसाच्या दोन वह्यांत एक अख्खा जलसा पडून आहे. विषय महारकी वतनाचा. गावकामगार म्हणून दिवसरात्र सरकारची आणि गावाची बोलावणी, मोबदल्यात बलुतं आणि शिळं तुकडं, आणि त्याविरुद्ध 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात मांडलेलं विधेयक. तासाभराचा प्रयोग, सहा पात्रं, गाणी नवी. आम्ही त्याची संहिता ऐकली आहे. कुठल्याही नाट्यगृहात शोभेल असं काम आहे. पण तो उभा करायला निदान पंधरा दिवसांची तालीम हवी, आणि तालमीचे पैसे कुणी देत नाही. मंडळं म्हणतात, ‘ते नंतर बघू, आधी नेहमीची चार गाणी घ्या, पब्लिक नाचलं पाहिजे.’ मग तक्रार कसली करता की आंबेडकरी गाण्यात नवीन काही येत नाही? नवं करायला वेळ लागतो, आणि वेळ गोदामाच्या मुकादमाने आधीच विकत घेतलेला आहे.

बाई असेल तर यात आणखी भर पडते. रात्री अकराला कार्यक्रम संपल्यावर ती घरी कशी जाणार, याचा विचार आयोजकांच्या यादीत नसतो. निळी साडी नेसून ये म्हणायला मात्र कुणी विसरत नाही. चित्रकाराला सांगतात, ‘हॉलमध्ये बाबासाहेबांचं मोठं पोर्ट्रेट पाहिजे, रंगाचे पैसे देतो.’ रंगाचे! म्हणजे दुकानदाराचे पैसे द्यायचे आणि हाताचे बुडवायचे.

यावर ठरलेलं उत्तर येतं. जुन्या लोकांनी कधी पैसे मागितले का? भीमराव कर्डकांच्या जलशाने मागितले का? वामनदादांनी मागितले का?

हे उत्तर ऐकायला मोठं वाटतं, पण इतिहास अर्धाच सांगतं. 1930च्या दशकातल्या जलशांमध्ये गाणारे अनेक जण गिरणीत, रेल्वेत, गोदीत कामाला होते. महिन्याचा पगार कमी होता, पण बांधलेला होता. पाळी संपली की खोलीवर तालीम, सुट्टीला गाव. त्यांचा त्याग खरा होता. पण त्या त्यागाच्या पायाखाली गिरणीची जमीन होती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले. तो संप चिरडला गेल्यावर ही जमीन सरकली, आणि मुंबईतल्या शाहिराची चाळ, तालमीची खोली आणि सोबतची माणसंही तिच्याबरोबर गेली. आजचा शाहीर कंत्राटी आहे, रोजंदारीवर आहे, घरोघरी पार्सल पोचवतो आहे. त्याच्याकडून 1935 सालचा त्याग मागायचा आणि त्याला 1935 सालचा पगारही द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

राहिले वामनदादा. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस शाळेत न जाता, मोठेपणी, मुंबईतल्या दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकला. हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून पोचवली आणि 2004 साली गेला. त्यांच्या गाण्यांवर किती जणांची दुकानं उभी राहिली आणि त्यांच्या वाट्याला काय आलं, हे आपल्या चळवळीत कुणाला सांगायला नको. वामनदादा गाण्याच्या शेवटी आपलं नाव गुंफत. आता डीजेच्या मिक्समध्ये पहिला अंतरा वाजतो, मग बेस, मग दुसरं गाणं. शेवटचा अंतरा येतच नाही. म्हणजे पैसे तर नाहीतच, नावही कापलं. आणि त्याच स्टेजवरून बाबासाहेबांचं म्हणून सांगितलं जाणारं दहा भाषणं आणि एक जलसा यांच्या तुलनेचं वाक्य वक्ते दरवर्षी ठोकून देतात. दहा भाषणं करणाऱ्या वक्त्याला गाडी पाठवता ना? मग जलशाला निदान टेम्पो पाठवा.

आता मुद्द्यावर येऊ. 1928 च्या त्या विधेयकाचा गाभा काय होता? काम घ्यायचं असेल तर ठरलेला मोबदला द्या, आणि तो गावाच्या मर्जीवर ठेवू नका. वतन हा मान आहे, परंपरा आहे, असं त्या काळी आपल्यातलेच काही लोक म्हणत होते. बाबासाहेबांनी त्या मानाच्या आतली बेगार उघडी करून दाखवली. महारकी वतन कायद्याने संपायला 1958 उजाडलं. पण राज्यघटनेच्या कलम 23 ने बेगारीला आणि सक्तीच्या श्रमाला 1950 पासूनच बंदी घातलेली आहे. आता त्या पाकिटाकडे परत बघा. आकडा ठरलेला नाही. मागितला तर अपमान. दिला तर उपकार. वर मानाचा शब्द: ‘मानधन’. बलुत्याची रचना याहून वेगळी काय होती? कायदेशीर अर्थाने ही बेगार नाही, हे आम्हालाही कळतं, कुणी कुणाच्या गळ्यावर सुरी ठेवलेली नाही. पण समाजाचा दबाव काय असतो हे आपल्याला शिकवावं लागत नाही. ‘पैशासाठी गातो’ हा शिक्का एकदा बसला की वस्तीत त्या माणसाची मान खाली जाते.

गंमत बघा. ज्या गावजत्रांना आपण सरंजामी म्हणतो, त्यांचे पंच गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला जातात, तमाशाच्या फडाच्या राहुटीत बसतात, सुपारीचा आकडा ठरवतात, विसार देतात, कागद करतात. तमाशा कलावंतांची परिस्थिती चांगली आहे असं आम्ही म्हणत नाही, मुळीच नाही. पण आकडा आधी ठरतो. समतेच्या चळवळीत तो नंतर ठरतो.

‘स्वतंत्र कलावंत’ हा शब्द मोठ्या शहरांच्या गॅलऱ्यांमध्ये फार गोड वाटतो. नोकरी सोडली, मनासारखं करतो. पण त्या मनासारखं करण्याच्या मागे वडिलांचा फ्लॅट असतो, आईची पेन्शन असते, ओळखीचा गॅलरीमालक असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने हेच दाखवलं: पैशाची पर्वा न करण्याची ऐट ज्याच्याकडे वारशाने पैसा आलेला असतो त्यालाच परवडते. आपल्याकडे वारसा म्हणजे जात. त्यांचं स्वातंत्र्य छपराखालचं आहे, आपल्या पोराचं उघड्यावरचं. शब्द एकच वापरून दोघांना एका रांगेत उभं करणं ही फसवणूक आहे.

कुणी म्हणेल, आता यूट्यूब आहे, मंडळांची गरज काय? यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास पाहिलं जाणं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायवर 2024 पासून ज्या गाण्याला मागच्या 12 महिन्यांत 1,000 श्रोतेफेऱ्या नाहीत त्याला रॉयल्टीच नाही. सरकारकडे ज्येष्ठ कलावंतांसाठी महिना 5,000 रुपयांची योजना आहे, तीही साधारण पन्नाशी ओलांडल्यावर. तोवर खायचं काय?

मोठं झाल्यावर सगळं सुरळीत होतं असंही नाही. तमिळ रॅपर अरिवू याने लिहिलेली आणि गायलेली गाणी 2021 साली देशभर गाजली. पण त्यानंतर ‘रोलिंग स्टोन इंडिया’ने त्याच गाण्यांचं कौतुक करताना मुखपृष्ठावर त्याला वगळून इतर कलावंत छापले. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आवाज उठवला, तेव्हा कुठे चर्चा झाली. आवाज उठवणारा होता, कारण त्याआधीच तिथे काही उभं राहिलं होतं. नीलम कल्चरल सेंटर, 2018 च्या जानेवारीत चेन्नईत पहिला कार्यक्रम केलेलं ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’, आणि कर्नाटक संगीताची मक्तेदारी असलेल्या मार्गळी महिन्यातच भरवलेला लोकसंगीताचा महोत्सव. महाराष्ट्रात आपली जलशाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. संस्था कुठे आहे?

संस्था उभी राहायला वेळ लागेल. तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला आमदार लागत नाही. आकडा बैठकीत ठरवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून द्या. निम्मे आधी द्या, डीजेला देता तसे. पोस्टरवर नेत्यांचे पंधरा फोटो लावता, तिथे कवीचं आणि संगीतकाराचं नाव लावा. कलावंत महिलेला घरापर्यंत सोडायची जबाबदारी मंडळाने घ्यावी. विहार पावसाळ्यात रिकामा असतो तेव्हा महिन्याला एक तिकिटाचा कार्यक्रम ठेवा, पन्नास रुपयांचं तिकीट लावा, आपले लोक मल्टिप्लेक्सला जातातच. आणि कलावंतांनो, तुम्हीही सही करण्याआधी वाचा. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला कंपनीच्या नावावर करून देताच येत नाही. एकरकमी हजार रुपयांत ‘सगळे हक्क’ लिहून घेणाऱ्याला हे कलम दाखवा.

पैसे आणले की मिशन बाटतं, असं म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. वकील मिशनचा खटला लढतो तेव्हा टायपिंगचे पैसे देता की नाही? छापखानेवाल्याला देता की नाही? मग गळ्यालाच फुकट का धरता?

आमच्या भागातल्या एका मंडळाने यंदा फेब्रुवारीतच गायन पार्टीचा आकडा कागदाच्या पहिल्या ओळीवर लिहिला. बैठकीत दीड तास वाद झाला. खजिनदार म्हणाला, मग डीजेचं कसं बसवायचं? शेवटी बेसच्या दोन पेट्या कमी केल्या. मिरवणूक दरवर्षीएवढीच लांब निघाली, आणि वह्यांत पडलेल्या त्या जलशाच्या तालमीला आता दर रविवारी विहाराची वरची खोली मिळाली आहे.