धोट्याचा मुका

गिरणीत हयात घालवलेल्या माणसाच्या घरी भोंग्याची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. त्या भोंग्यावर उठलेले आजोबा, त्याआधी उठून चूल पेटवणारी आजी, फडक्यात बांधलेली भाकर, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण गिरणीच्या वेळेने पहिल्यांदा कोणाची झोप मोडली? त्यासाठी आज आम्ही वाचक बंधु-भगिनींना साता समुद्रापलीकडे, इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात नेणार आहोत. इंग्रज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टोपीवाला साहेब उभा राहतो. इथे भेटणारा इंग्रज साहेब नाही. तो लाकडी तळाचे बूट वाजवीत पहाटेच्या अंधारात गिरणीकडे धावणारा मजूर आहे, आणि विणकामाच्या खात्यात तर पुष्कळदा तो नसून ती आहे.

गिरण्या येण्याआधी तिथला विणकर घरीच मागावर बसे. बायको सूत काते, पोरे कांड्या भरत. गरिबी होतीच, पण किती वाजता बसायचे आणि कधी उठायचे हे त्याच्या हाती होते. रविवारची सुट्टी सोमवारपर्यंत लांबवायची तिथे रीतच होती. त्या आळशी सोमवारला लोक थट्टेने 'संत सोमवार' म्हणत, जणू तोही एखादा साधुपुरुष! १७३३ साली जॉन के नावाच्या माणसाने दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला आणि विणणे झपाट्याने होऊ लागले. १७८५ मध्ये कार्टराइटने यंत्रमाग काढला. तो सुधारून गिरणीत रुळायला पुढची तीसचाळीस वर्षे गेली. मग मात्र हातमागवाल्यांचे हाल कुत्रा खाईना. जो बाप घरच्या मागाचा मालक होता, त्याची मुलगी गिरणीच्या दारात कामाला उभी राहिली. मँचेस्टर शहरात १८०१ साली पाऊण लाखाच्या आसपास वस्ती होती, ती १८५१ पर्यंत तीन लाखांवर गेली. एकेका तळघरात एकेक बिऱ्हाड आणि सगळ्या गल्लीला मिळून एक-दोन संडास. चाळीत वाढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला लागत नाही.

घड्याळ विकत घेणे मजुराच्या आवाक्याबाहेरचे. मग वेळेवर उठायचे कसे? त्यासाठी गल्लीत 'उठवणारा' असे. लांब काठी घेऊन तो पहाटे हिंडे, वरच्या मजल्याच्या खिडकीच्या काचेवर टकटक करी आणि आतून हालचाल दिसल्याशिवाय पुढे जात नसे. घरटी आठवड्याला चार पैसे मिळत. हा धंदा विसाव्या शतकातही बरीच वर्षे टिकला. थोडा उशीर झाला तरी मजुरी कापत. काही मालक सकाळी घड्याळ पुढे आणि संध्याकाळी मागे करीत, आणि कामगाराने स्वतःचे घड्याळ आणलेले त्यांना खपत नसे, अशा तक्रारी त्या काळच्या कामगारांनी नोंदवून ठेवल्या आहेत.

मुलांची कहाणी तर वाचवत नाही. १८३३ च्या कायद्याने कापडाच्या गिरणीत नऊ वर्षांखालच्या मुलाला कामावर घेण्यास बंदी झाली. नऊ ते तेरा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास ठरले आणि तपासणीला साऱ्या देशात चार इन्स्पेक्टर नेमले गेले. चार! पण मूल नऊ वर्षांचे आहे हे ओळखणार कसे? जन्माची सरकारी नोंद १८३७ मध्ये सुरू झाली. तोवर डॉक्टर पोराची उंची बघून दाखला देई. दात बघून वय ठरवावे, अशीही सूचना पुढे आली. बैलाच्या बाजारात दात बघतात हे आपण पाहिले आहे. १८४४ मध्ये नवा कायदा झाला. त्याने 'अर्धवेळ' पद्धत आणली, म्हणजे मूल अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत. त्याच कायद्याने वय मात्र नवावरून आठावर आणले. गिरणीतून थकून आलेली ही पोरे बाकावरच झोपी जात. ही पद्धत बंद करण्याचा कायदा व्हायला १९१८ साल उजाडले. तान्ह्या लेकरांचे काय? आई गिरणीत, मूल शेजारच्या म्हातारीकडे, आणि मूल रडू नये म्हणून त्याला अफू घातलेले सरबत पाजायचे. ते बाटलीतून उघड विकले जाई. पुढे मुंबईच्या गिरण्यांतल्या आयाही लेकरांना अफूची गोळी देत होत्या. त्यांना कोणी ते लँकेशायरहून शिकवले नव्हते. बारा तास मूल गप्प ठेवायचे असेल तर गरिबाच्या हाती दुसरे असते काय?

विणकामाच्या खात्याला मुंबईत साचेखाते म्हणत. लँकेशायरच्या साचेखात्यात शेकडो माग एकदम चालत. आवाज असा, की शेजारणीच्या कानाशी ओरडले तरी ऐकू येऊ नये. म्हणून बायका ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखायला शिकल्या. तोंड मोठमोठ्याने हलवून, हातवारे करून खात्याच्या या टोकापासून त्या टोकाला सुखदुःखाच्या गोष्टी चालत आणि जॉबरला पत्ता नसे. आम्हाला या बायांचे फार कौतुक वाटते. एक गोष्ट आणखी सांगायला हवी. तिथल्या विणकर संघटनांनी मालकांकडून कापडाच्या दराची यादी ठरवून घेतली. १८९२ ची यादी प्रसिद्ध आहे. तिच्यात बाईला एक दर आणि पुरुषाला दुसरा, असे नव्हते.

आता धोट्याकडे येऊ. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. हाताने ते होत नाही. म्हणून विणकरीण भोकाला ओठ लावून जोराने श्वास ओढी, की सूत बाहेर येई. दिवसातून हे शेकडो वेळा. याला तिकडे 'धोट्याचा मुका' म्हणत. नाव गोड, पण सुताबरोबर धूळ, तंतू आणि तेल पोटात जाई, समोरचे दात किडत. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागत असल्याने क्षयासारखे रोग पसरण्याची भीती होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच ही पद्धत बंद केली. लँकेशायरला त्यासाठी १९५२ चे नियम यावे लागले.

असाच धोटा मुंबईच्या साचेखात्यातही होता आणि तिथेही सूत तोंडानेच ओढावे लागे. लँकेशायरने धोट्याबद्दल रोगाची तक्रार केली. मुंबईत तक्रार झाली ती जातीची. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे सवर्ण विणकर म्हणाले आणि साचेखात्याचे दार आपल्या माणसांना बंद झाले. पगार साचेखात्यात चांगला, आणि आपल्या माणसांच्या वाट्याला मुख्यतः कमी पगाराचे त्रासन खाते. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो नाखुशीनेच मागण्यांत घेतला.

लँकेशायरला उच्चनीच नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या लोकांना मँचेस्टरमध्ये घाणेरडे, अडाणी म्हणत. त्यांची वस्ती शहराच्या सर्वांत ओंगळ भागात, नदीकाठी, गिरण्यांच्या धुरात होती. पण त्यांच्या तोंडचा धोटा विटाळतो असे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

ज्या वाचकांच्या घरी साचेखात्यात किंवा त्रासन खात्यात काम केलेले कोणी वडीलधारे असतील, त्यांनी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारावे, की तुम्हाला साच्यावर कोणी बसू दिले, कोणत्या साली, आणि पहिल्या दिवशी शेजारचा विणकर काय म्हणाला. उत्तर आम्हाला दोन ओळीत लिहून पाठवले तरी चालेल.