अंबा डोंगर आणि आपला कातळ

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची चर्चा या आठवड्यात पुन्हा रंगली, आणि तिच्यात गुजरातमधल्या छोटा उदेपूरच्या अंबा डोंगरातला कार्बोनेटाइट हा कार्बोनेट खनिजांचा खडक म्हणजे ‘लाव्हाने भाजलेली चुनखडी’ हे जुनं विधानही कानावर आलं. ते मला फार खटकतं. दगड कशाचा बनला एवढं पाहून तो कुठून आला हे ठरवलं, की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आपल्या टिटवाळ्याच्या खाणींतला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, आणि अंबा डोंगर शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही दख्खनच्या ज्वालामुखी पर्वातले. रे आणि पांडे यांनी १९९९ मध्ये अंबा डोंगरचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं ठरवलं. आपला कातळही साधारण तेवढाच जुना. पण आपला बेसॉल्ट सिलिकेटी शिलारसाचा, मैलोन्‌मैल पसरलेला. अंबा डोंगरातला शिलारस कार्बोनेटी, एका वर्तुळाकार कड्याच्या आकारात घुसलेला. त्याच्या कॅल्साइटसोबत अ‍ॅपेटाइट आणि निओबियमधारक पायरोक्लोर सापडतात, आणि नंतरच्या उष्ण द्रावांनी तिथे फ्लोराइट साचवलं. १९७३ च्या अंदाजानुसार तो साठा सुमारे १ कोटी १६ लाख टनांचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले सुखेश्वाला आणि अणुखनिज विभागातले उदास यांनी १९६३ मध्ये हा खडक ओळखून जाहीर केला.

आक्षेप असा, की तिथे बाघ थरांची सागरी चुनखडी आहेच. बेसॉल्टने तीच वितळवली असेल. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर खडकाकडूनच घ्यावं. सागरी चुनखडीत निओबियम जवळपास नसतं आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं अगदी थोडी असतात. इथे दोन्ही भरपूर आहेत आणि स्ट्रॉन्शियमही कैक पटींनी जास्त. चुनखडी वितळून ही मूलद्रव्यं आपोआप वाढत नाहीत. कार्बोनेटाचा लाव्हा असतो का, हा संशय टांझानियातल्या ओल्डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीने १९६० मध्ये फेडला. तिथला लाव्हा बेसॉल्टच्या निम्म्याच तापमानाला वाहतो. तो सोडियमबहुल आहे, अंबा डोंगरचा कॅल्शियमबहुल, हे खरं. पण असा शिलारस असू शकतो, एवढं सिद्ध व्हायला तो पुरेसा आहे.

म्हणून खाणींबाबतचा माझा जुना आग्रह पुन्हा मांडतो. कल्याण-मुरबाड पट्ट्यात बेसॉल्टला छेदणाऱ्या डाइक, म्हणजे भेगांत घुसून गोठलेल्या शिलारसाच्या भिंती, आहेत. मुरुड-जंजिऱ्याकडे तर लॅम्प्रोफायर नावाच्या खडकाच्याही, आणि लॅम्प्रोफायर अनेकदा कार्बोनेटाइटच्या सोबतीने आढळतो. आपल्याकडे कार्बोनेटाइट सापडेलच, असं मी म्हणत नाही. खडीवाले विचारतील, मग तपासायचं कशाला? कारण काही मीटर रुंदीची डाइक क्रशरमध्ये गेली की ती कुठली, कशी होती, हे कोणालाच सांगता येत नाही. खाणीचा परवाना देताना उघड्या कड्याची नोंद आणि प्रत्येक डाइकचा एक नमुना सक्तीचा करावा. खर्च किरकोळ आहे, आणि अंबा डोंगरही कुणीतरी नमुना घेऊन तपासला म्हणूनच कळला.