विश्लेषण : जनुकीय सुधारित पेंड जनावरांना घातक आहे का?

केंद्र सरकारने २४ ऑगस्ट २०२१ रोजी १२ लाख टन जनुकीय सुधारित (जीएम) सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. त्यासाठी सुरुवातीला नवी मुंबईलगतचे न्हावा शेवा आणि पश्चिम बंगालमधील पेट्रापोल ही दोनच ठिकाणे खुली होती. देशात जीएम सोयाबीनच्या लागवडीला मंजुरी नाही, मग त्याची पेंड कोंबड्यांना कशी चालते, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला. अमेरिकेबरोबरच्या व्यापार चर्चेत मका आणि सोयाबीनचा आग्रह सुरू झाल्यापासून तो पुन्हा पुढे आला आहे.

परवानगी कोणत्या आधारे?

पेंड म्हणजे दळून तेल काढलेला चोथा. त्यात उगवू शकणारा दाणा नसतो, म्हणून पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली नाही. हे उत्तर शेतापुरते पुरेसे आहे. पेंड खाणाऱ्या कोंबडीच्या प्रकृतीबद्दल मात्र ते काही सांगत नाही.

जनावरांवर परिणाम होतो का?

आतापर्यंतचे बहुतेक पुरावे ‘नाही’ असेच सांगतात. अमेरिकेत १९९६ नंतर पशुखाद्यात जीएम मका-सोयाबीन झपाट्याने वाढले. त्याआधीच्या आणि नंतरच्या १०० अब्जांहून अधिक जनावरांची आकडेवारी २०१४ मध्ये तपासली गेली, तेव्हा आरोग्य वा वाढ बिघडल्याचे आढळले नाही. उंदरांना गाठी झाल्याचा दावा करणारा २०१२ चा गाजलेला फ्रेंच शोधनिबंध पुढच्याच वर्षी त्या नियतकालिकाने मागे घेतला. नंतर तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवडे जगते, तिच्यात दीर्घकालीन परिणाम कसे दिसणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे.

महाराष्ट्राला हे खाद्य नवे आहे का?

मुळीच नाही. बीटी कापूस २००२ मध्ये आला आणि तेव्हापासून त्याची सरकी पेंड विदर्भ-मराठवाड्यातील गाई-म्हशींच्या गव्हाणीत पडते आहे. २००५-०६ मध्ये वरंगळ भागात बीटी कापसाच्या रानात चरलेल्या मेंढ्या दगावल्याच्या तक्रारी झाल्या, पण बीटीशी संबंध सिद्ध झाला नाही. सरकीतील गॉसिपॉल आणि ओलसर पेंडीवरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यांचा अपाय मात्र सिद्ध झालेला आहे, मग बियाणे कोणतेही असो. अफ्लाटॉक्सिनचा अंश तर दुधातही उतरतो. गोठ्यात त्याची चर्चा अभावानेच होते.

मग वाद कशाचा?

भावाचा. कुक्कुटपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो आणि त्या उन्हाळ्यानंतर सोयापेंडीचे दर कडाडले होते. सोयाबीनचा हमीभाव ३,९५० रुपये असताना बाजारात क्विंटलला त्याच्या दुपटीहून अधिक दर मिळत होता. आयातीची घोषणा नेमकी नवे पीक बाजारात येण्याच्या तोंडावर झाली आणि सोयाबीनचे दर घसरले. लातूरच्या शेतकऱ्याचा राग जनुकापेक्षा त्या मुहूर्तावर अधिक होता.

दुसरा मुद्दा माहितीचा. आयात होणाऱ्या २४ अन्नपिकांसाठी मार्च २०२१ पासून ‘जीएम नाही’ असे प्रमाणपत्र लागते. ही अट माणसाच्या अन्नासाठी आहे. कोंबडीने काय खाल्ले, हे अंड्यांच्या ट्रेवर लिहावे लागत नाही.