गोदाम भाड्याचं चालेल, तराजू आपला हवा

बोटमालक, तांडेल, होडीवाले आणि जेटीवर पाट्या लावून बसणाऱ्या आमच्या बायामाणसांनो, आज थोडं लांब लिहितोय. बंदीचे दिवस आहेत, जाळी दुरुस्त करता करता वाचा.

सोसायटीकडे एका कंपनीचा प्रस्ताव आलाय. वजनाच्या पावत्या, डिझेलच्या पावत्या, बर्फाचा हिशेब, सगळं आमच्या ॲपमध्ये टाका. आम्ही ते क्लाउडवर ठेवतो, दर महिन्याला रिपोर्ट देतो, पैसे नकोत. पैसे नकोत म्हटल्यावर काही सभासद खूश झाले. आम्ही नाही झालो. फुकट बर्फ देणारा एजंट लिलावाच्या वेळी कुठे उभा असतो ते आपल्याला माहीत आहे.

मात्र आमचं म्हणणं ‘हे काम नकोच’ असंही नाही. काम करायचं, पण मधला भाग आपल्या हातात ठेवून. मधला भाग म्हणजे कुठला, ते सांगतो.

क्लाउडवरचं डेटा वेअरहाऊस म्हणजे आकड्यांचं कोल्ड स्टोरेज. गूगलचं बिगक्वेरी, ॲमेझॉनचं रेडशिफ्ट, स्नोफ्लेक ही त्यातली मोठी नावं. जागा भाड्याची, माल आपला. पाच वर्षांनी विचारा, ‘सप्टेंबरात तारले किती उतरले?’, ते उत्तर देतं. तिथपर्यंत पावती पोचवायला लागतो हमाल. त्याला वर्कफ्लो ऑटोमेशन म्हणतात. झॅपियर, मेक, एन-एट-एन अशी तयार साधनं आहेत. फोनवरच्या फॉर्ममध्ये पावती भरली की हमाल ती उचलतो आणि गोदामात टाकतो. हमाल आणि गोदाम यांच्यामध्ये एक टप्पा असतो, तिथे आपण स्वतः लिहिलेला कोड बसवता येतो. एन-एट-एनमध्ये तो जावास्क्रिप्ट किंवा पायथनमध्ये लिहितात. पन्नास-शंभर ओळींचं काम. आमचा सगळा आग्रह त्या शंभर ओळींसाठी आहे, कारण वजन तिथे होतं.

नावंच घ्या. आपल्या पावत्यांवर कोणी बांगडा लिहितो, कोणी बांगडो, कोणी इंग्रजीत मॅकरल. कॉम्प्युटरला हे तीन मासे. इसवण आणि सुरमई वेगवेगळ्या ओळीत गेल्या की वर्षाच्या शेवटी इसवण घटली असा निष्कर्ष निघतो, आणि घटली कुठे, ती शेजारच्या ओळीत बसलेली असते. क्रेटचं तसंच. क्रेट म्हणजे किती किलो, बर्फासकट की बर्फ काढून, हे जेटीवर सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी लिहीत नाही. हे कोडात लिहावं लागतं. कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात बसलेला पोरगा ते कुठून लिहिणार?

आता वेळेचं बघा, आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. बिगक्वेरी वेळेचा शिक्का ग्रीनिचच्या वेळेने धरून ठेवतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. समजा एखादी बोट ३१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, बंदी संपल्यावर, नियमाने बाहेर पडली आणि १ ऑगस्टला पहाटे पाचला मासळी घेऊन परत आली. ग्रीनिचच्या वेळेने तेव्हा ३१ जुलैचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. कोडात ‘तारीख एशिया/कोलकाता प्रमाणे काढ’ एवढं सांगितलं नसेल, तर रिपोर्टमध्ये ती बोट बंदीच्या काळात मासळी उतरवताना दिसेल. तो रिपोर्ट आपल्याच सोसायटीच्या नावाचा असेल, आणि डिझेलवरच्या व्हॅटच्या परताव्यासाठी आपण तोच जोडलेला असेल. मग ऑफिसात जाऊन समजावत बसा ग्रीनिच म्हणजे काय ते! पहाटे साडेपाचच्या आत उतरणाऱ्या प्रत्येक बोटीची तारीख अशीच एक दिवस मागे जाते, फक्त एरवी ते कोणाच्या लक्षात येत नाही.

(तशीच एक गंमत एन-एट-एनची. ते स्वतःच्या मशीनवर बसवलं आणि वेळ बदलली नाही, तर ते न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालतं. रात्री नऊचा हिशेब आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला निघतो.)

दुसरा घोटाळा दुबार पावतीचा. जेटीवर नेटवर्क कसं असतं ते सांगायला नको. पावती पाठवली, चाक फिरत राहिलं, पोराने पुन्हा बटण दाबलं. हमाल इमानदार, त्याने दोन्ही नेऊन टाकल्या. बँकेच्या खात्यात अशी दुसरी नोंद अडवली जाईल. ही गोदामं अडवत नाहीत. बिगक्वेरीत पावती नंबर हा ‘एकमेव’ आहे असं तुम्ही लिहून ठेवू शकता, पण ते स्वतः तपासत नाही. तपास आपल्या कोडाने करायचा: बोटीचा नोंदणी नंबर आणि पावतीचा नंबर आधीच आहे का, असेल तर जुनी ओळ दुरुस्त कर, नवी घालू नको. हे नसेल तर एका बोटीची मासळी कागदावर दुप्पट होते, आणि खलाशी वाट्याच्या दिवशी मोबाईल पुढे करून विचारतो, ‘शेट, बाकीचे पैसे?’ त्याचं काय चुकलं?

आणि जागा. कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘मासेमारीचे ठिकाण’ असा रकाना आहे, तो फोनच्या जीपीएसवरून आपोआप भरतो. आपल्यातला एखादा तांडेल सख्ख्या भावाला जागा सांगत नाही, आणि ती आपण अनोळखी माणसाच्या खात्यात रोज पहाटे जमा करायची? सुरक्षेसाठीचा ट्रान्सपाँडर वेगळा, तो चालू ठेवायलाच हवा. विक्रीच्या हिशेबाला जागा लागत नाही. आपल्या कोडात एक ओळ घातली की तो रकाना गोदामात जाण्याआधीच गळून पडतो. खलाशांचे आधार नंबर आणि फोन नंबरसुद्धा तिथेच गाळायचे.

काही जण म्हणतात, एवढ्यासाठी एक्सेल पुरे. एका जेटीच्या एका हंगामाला पुरेलही. पण पाच-सहा फोनवरून एकाच वेळी भरायचं आणि दहा वर्षं टिकवायचं म्हटल्यावर शीट फाटते. खर्चाची भीतीही फार नको. बिगक्वेरीत महिन्याला १० जीबी साठवण आणि १ टीबी शोध फुकट आहे. एक पावती ५०० बाइटची धरली तरी १० जीबीत दोन कोटी पावत्या मावतात. एवढी मासळी आपल्या नातवंडांनाही मिळो.

एक अट मात्र ध्यानात ठेवायला हवी. कार्ड न जोडता बिगक्वेरी वापरलं तर त्यातले तक्ते ६० दिवसांनी आपोआप पुसले जातात. आपली बंदी ६१ दिवसांची. ३१ मे ला तयार केलेला तक्ता बोटी पाण्यात ढकलायच्या आधीच गेलेला असेल. म्हणून सोसायटीच्या नावावर बिलाचं खातं जोडायचं, आणि आधीच्या तक्त्यांवरची मुदत हाताने काढायची, ती आपोआप निघत नाही. फुकटची मर्यादा कार्ड जोडल्यावरही तशीच राहते.

‘सोसायटीच्या नावावर’ हे आम्ही मुद्दाम लिहिलं. कोड लिहिणारी पोरं आपल्याच वाड्यावरची आहेत, हुशार आहेत, पण उद्या एकाला पुण्याला नोकरी लागेल, दुसरा शिपवर जाईल. खातं त्यांच्या ईमेलवर असेल तर आपली वही त्यांच्याबरोबर जाईल. ऑटोमेशनला गोदामात शिरायला गूगल एक चावीची फाइल देतं. ती ज्याच्या हातात, तो आत. म्हणून त्या चावीला फक्त पावत्यांच्या तक्त्यात लिहिण्याइतकाच हक्क द्यायचा, ती कोडात लिहायची नाही, आणि कृपा करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. मालकीचं खातं सोसायटीच्या ईमेलवर, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे. कोडाची छापील प्रत दप्तरात.

हे सगळं कशासाठी? आपल्या किनाऱ्यावर मासळी किती उतरते याचा अंदाज कोचीची केंद्रीय संस्था, सीएमएफआरआय, नमुना पाहणी करून काढते. काम शास्त्रीय असतं, पण त्यांचा माणूस रोज आपल्या जेटीवर नसतो. तारले कमी झाले म्हणून आपण ओरडतो तेव्हा आपल्याकडे दाखवायला काय असतं? भिजलेल्या पावत्यांचा गठ्ठा. पुढच्या वेळी एलईडीवाल्यांबद्दल बोलायला गेलो तर हातात दहा हंगामांची नोंद असावी, आणि ती आपल्याच तराजूतून गेलेली असावी.

तेव्हा येत्या सभेत आम्ही प्रस्तावाला विरोध करणार आहोत आणि त्याऐवजी एका जेटीवर, ऑगस्टपासून, फक्त वजनाच्या पावत्यांनी सुरुवात करा असं मांडणार आहोत. डिझेल आणि बर्फ नंतर बघू. कोडाला लागणारी माशांच्या नावांची वही ऑफिसात टेबलावर ठेवली आहे. तुमच्या घरात, तुमच्या पावतीवर जे नाव लिहितात ते त्यात लिहून जा, क्रेटचं वजनही लिहा. विकायला बसणाऱ्या बायकांनी तर नक्की या, अर्धी नावं त्यांनाच माहीत आहेत. बांगड्याचं पान भरत आलंय. कुर्ल्यांच्या पानाला अजून कोणी हात लावलेला नाही.