भूक आवरणारे इंजेक्शन स्वस्त होईल, पण साधे नव्हे

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता दवाखान्यापुरती राहिलेली नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपले की देशी कंपन्यांना औषध बनवता येते आणि किंमत उतरते. आयसीएमआर-इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला होता. त्यांच्यातील अनेकांसाठी हा दिलासाच आहे. मात्र हे टॉनिक नव्हे, संप्रेरकाची नक्कल आहे.

संप्रेरके म्हटली की थायरॉइड आठवते. पण आतडेही संप्रेरके तयार करते. जेवण आतड्यात पोहोचले की तेथील पेशी 'जीएलपी-१' रक्तात सोडतात. रक्तातील साखर वाढलेली असताना ते स्वादुपिंडातून जास्त इन्सुलिन सोडवते, साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनला आवर घालते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि 'पोट भरले' असा निरोप मेंदूला देते. नैसर्गिक जीएलपी-१ दोन-एक मिनिटांत निम्मे होते. सेमाग्लुटाइडला त्यासाठी सुमारे आठवडा लागतो. म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन पुरते. आणि म्हणूनच मळमळ, उलट्या सुरू झाल्या तर औषधाचा असर एका दिवसात ओसरत नाही.

सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आले. लग्नसराईपुरते इंजेक्शन घेऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. दिसायला सडपातळ भारतीयांतही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे. त्यामुळे पुरेशी प्रथिने आणि स्नायूंचा व्यायाम यांना पर्याय नाही.

गर्भवतींनी, तसेच घरात मेड्युलरी प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाचा इतिहास असणाऱ्यांनी हे औषध टाळावे. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. पोटात तीव्र, न थांबणारे दुखले तर पुढचा डोस न घेता रुग्णालय गाठावे. किंमत उतरल्याने औषध गरजूंपर्यंत पोहोचेल. चिठ्ठीशिवाय विकले गेले, तर गरज नसलेल्यांपर्यंतही.