गुरुजींच्या हातात खडू राहू द्या

'गुरुजींना काय, पगार भरपूर अन् काम कमी!' पारावर चार माणसे बसली की हे वाक्य ऐकू येतेच. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होणारा पगार. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या शेतकऱ्याला याचा हेवा वाटला तर नवल नाही. मी शेतकरीच, मलाही तसेच वाटे. पण शाळा व्यवस्थापन समितीवर नाव लागले, शाळेत जाणे-येणे वाढले आणि पारावरचे मत पुन्हा तपासून पाहावे लागले.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते चौथी, गुरुजी दोन. शाळा भरली की पोरांची हजेरी, मग तांदळाचा हिशेब. एका पोरामागे शंभर ग्रॅम. किती ताटे झाली ते मोबाईलवर भरायचे. गावात रेंज नाही, म्हणून गुरुजी टेकाडावर हात वर करून उभे! यू-डायसची माहिती, आधारची जुळवाजुळव, फोटो, अहवाल हे वेगळेच. एक गुरुजी बैठकीला तालुक्याला गेले की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग. पहिलीला अक्षर गिरवायला द्यावे तर चौथीचा भागाकार अडतो.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचे 27 वे कलम म्हणते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगर-शैक्षणिक काम देऊ नये. कलम चांगले आहे. पण बाकीची कामे हुकूम म्हणून येत नाहीत, ती मोबाईलवर 'माहिती तत्काळ सादर करा' अशा एका ओळीत येतात. नाही म्हणायचे कुणी?

त्यात 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावे, असा. वीस-वीस वर्षे शिकवलेले गुरुजी पुन्हा पुस्तक उघडून बसले. परीक्षेला आमची हरकत नाही. शिकवणारा पारखून घेतलाच पाहिजे. पण शिकवायला वेळ किती ठेवला, तेही कुणीतरी पारखावे की नाही?

आमच्या डोंगरपट्ट्यात खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता बांधला जातो आणि ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांसोबत पोरेही चढतात. पट निम्म्यावर येतो. फडात गेलेले पोर उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते तेव्हा पाढे विसरलेले असते. आमचे एक गुरुजी ट्रक निघायच्या आधी आठ दिवस घरोघर फिरतात. 'पोराला आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृहात त्याचे जेवण मी बघतो,' म्हणून हातापाया पडतात. या कामाचा रकाना कोणत्याही अहवालात नाही.

दोन वर्षांपूर्वी असेच एक पोर मागे राहिले. चौथीत होते. बाप हंगाम संपवून आला, मुकादम हिशेबाला बसला. पोराने वही ओढून बेरीज केली, तर एक रक्कम दोनदा धरलेली! मुकादमाने ती मुकाट्याने वजा केली. बाप दुसऱ्या दिवशी शाळेत आला. त्याला काही बोलता येईना. गुरुजींच्या टेबलावर शेरभर शेंगा ठेवून निघून गेला. गुरुजी मला म्हणाले, 'पगार सगळ्यांनाच मिळतो हो, या शेंगा सगळ्यांना मिळत नाहीत.'

सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. म्हणजे सोने आपल्या उकिरड्यातही निघते, फक्त उकरायला सवड द्यावी लागते.

गुरुजनांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. घरभाडे भत्ता गावचा आणि मुक्काम तालुक्याला, हे चित्र गाव रोज पाहते. स्वतःची मुले इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवायची आणि आम्हाला मराठी शाळा वाचवा म्हणून सांगायचे, हेही खटकते. विश्वास हवा असेल तर तो आधी पेरावा लागतो.

पण गावाचे काय? बैलपोळ्याला आणि जत्रेला वर्गणी निघते, शाळेच्या विजेच्या बिलाला निघत नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे कायदा सांगतो. बैठकीला येतात किती? सह्या मात्र घरोघर फिरून घेतल्या जातात.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींना विनंती एवढीच. याद्या, दाखले, सर्वेक्षण अशी जी कामे तुमच्या कचेरीत होऊ शकतात ती गुरुजींकडे ढकलू नका. बीज-बिलाचा प्रश्न येत्या ग्रामसभेत मिटवा. आणि शेतकरी बंधूंनो, ट्रक निघायच्या आधी पोराची सोय कुठे लागते, ते गुरुजींना एकदा विचारा.

सालगडी नांगर धरायला ठेवला आणि दिवसभर गावात निरोप सांगत फिरवला, तर रान पडीक राहिल्याचा दोष कुणाचा? दोष काढण्याआधी गुरुजींच्या हातात खडू तरी राहू द्या.