उंची, वय आणि बॅडमिंटन

शाळेचा बॅडमिंटनचा संघ निवडायची वेळ आली, की एक गोष्ट हमखास दिसते. आठवीतील उंच, दणकट मुले पुढे बोलावली जातात आणि त्याच वर्गातील लहानखुरी मुले बाजूला राहतात. "तू पुढच्या वर्षी ये," असे त्यांना सांगितले जाते. पुढच्या वर्षी त्यांतील बरीच मुले येतच नाहीत. संघ निवडण्याची ही रीत मला चुकीची वाटते.

चौदा वर्षांखालील गटात खेळायचे, तर जन्माचा दाखला पाहिला जातो. परंतु दाखल्यावरचे वय आणि शरीराचे वय नेहमी सारखे नसते. मुलींची उंची साधारणपणे अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. मुलांच्या बाबतीत हा काळ सुमारे दोन वर्षे उशिरा येतो. हीसुद्धा सरासरी झाली. कोणाची वाढ लवकर होते, कोणाची उशिरा. वाढीच्या ऐन वर्षात मुलगा आठ ते दहा सेंटिमीटर उंच होऊ शकतो. त्यामुळे एकाच बाकावरील दोन मुलांपैकी एक तरुण दिसू लागतो आणि दुसरा अजून मूलच असतो. या दोघांचा सामना लावला, तर आपण खेळ पाहतो की वाढ पाहतो?

उंचीचा उपयोग नाही, असे मी म्हणत नाही. उंच खेळाडूचा स्मॅश वरून तीव्र उतारात येतो आणि तो परतवणे अवघड जाते. पण बुटक्या खेळाडूचे काही चालत नाही, हेही खरे नाही. 2017 साली ग्लासगो येथे जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. आपली पी. व्ही. सिंधू सुमारे 179 सेंटिमीटर उंच, तर जपानची नोझोमी ओकुहारा सुमारे 156 सेंटिमीटर. सामना 110 मिनिटे चालला आणि ओकुहारा जिंकली. 2019 मध्ये बासेल येथे त्याच दोघी पुन्हा अंतिम फेरीत आल्या, तेव्हा सिंधूने तिला 21-7, 21-7 असे हरवले. ओकुहाराला तेराव्या वर्षी केवळ उंचीवरून घरी पाठवले असते, तर हे दोन्ही सामने झालेच नसते.

वाढीच्या काळात शरीरात काय घडते, हेही समजून घेतले पाहिजे. लांब हाडे टोकांजवळ वाढतात. तिथे कूर्चेचा मऊ थर असतो आणि तो पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. हाड भराभर लांब होते, स्नायू मात्र मागून येतात, म्हणून ते ताणले जातात. अशा वेळी रोज शेकडो उड्या मारल्या, की गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागते. हात-पाय एकदम लांब झाल्याने काल बरोबर बसलेला फटका आज जाळीत जातो. प्रशिक्षक म्हणतात, "मुलगा आळशी झाला." बिचारा आळशी नसतो, त्याच्या हाताचे माप बदललेले असते!

वाढते हाड कामाला प्रतिसादही देते. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेले आढळते आणि लहानपणी खेळू लागलेल्यांत हा फरक अधिक असतो. मात्र एकाच हाताला सारे काम देणे बरे नाही. बॅडमिंटनच्या मुलांनी खो-खो, लंगडी, धावणे, दोरीवरच्या उड्या हे सारे खेळावे. खो-खोमध्ये पाय जसे चटकन वळतात, तसेच ते कोर्टवरही वळावे लागतात.

मुलींविषयी थोडे स्पष्ट बोलतो. बारा-तेरा वर्षांची झाली, की मुलीचा खेळ बंद केला जातो. हाडे सर्वांत वेगाने बळकट होण्याचा काळ तोच असतो. सानिया मिर्झा हिने हैदराबादला सहाव्या वर्षी टेनिस सुरू केले आणि 2003 मध्ये, सोळाव्या वर्षी, विम्बल्डनच्या मुलींच्या दुहेरीत विजेतेपद मिळवले. घरच्यांनी मध्येच रॅकेट काढून घेतली असती, तर? पोशाखाची अडचण सांगितली जाते; पण सलवार-कमीज घालूनही शटल उत्तम मारता येते.

डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे आणि पुरेशी झोप हवी, हे सर्वांना ठाऊक आहेच. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्या मुलांचा सराव हलका असावा.

शाळेने दर तीन महिन्यांनी प्रत्येक खेळाडूची उंची मोजून वहीत लिहावी. ज्याची उंची झपाट्याने वाढताना दिसेल, त्याच्या उड्या आणि स्मॅश काही आठवडे कमी करावेत. जाळीजवळचे फटके आणि पायांची हालचाल शिकवावी. सोळा वर्षांपर्यंत कोणालाही सरावातून काढू नये. यासाठी लागते ती एक भिंत, एक पेन्सिल आणि मोजपट्टी. क्रीडाशिक्षकांच्या हजेरीवहीत उंचीचा एक रकाना आखायला या सत्रापासूनच सुरुवात करता येईल.